तीमारदार

भोपाळला मी आयुष्यात दोनदाच गेलो. एकदा १९७८ साली दादाच्या लग्नाला, आणि नंतर २००७ च्या जानेवारीत, त्याच्या बायपासला. पहिल्या खेपेस तलाव पाहिला, ताज-उल-मसाजिद पाहिली, नव्या वहिनींच्या माहेरच्यांबरोबर सांचीलाही जाऊन आलो. दुसऱ्या खेपेस सतरा दिवस राहिलो, पण पाहिला तो एका खासगी इस्पितळाचा दुसरा मजला, बाहेरची पोहे-जिलेबीची गाडी आणि समोरचे औषधांचे दुकान. तरीही भोपाळचा इतिहास मला जो थोडाफार कळला तो या दुसऱ्या खेपेस, एका लाकडी बाकावर बसून.

दादा इंजिनियर होऊन भेलमध्ये लागला आणि तिथलाच झाला. वहिनी उज्जैनच्या. त्यांच्या घरी मराठी बोलली जाते, पण तिला माळव्याचा गोडवा आणि हिंदीची फोडणी. मी फोंड्याकडच्या आमच्या गावीच राहिलो. वडील वारल्यावर घराच्या इन्व्हेंटरीचा दावा लागला, आणि त्यात आम्ही दोघे भाऊ दोन बाजूंना बसलो. गोव्यातल्या वाचकांना याहून अधिक सांगायची गरज नाही. प्रत्येक वाड्यावर असे एखादे घर असतेच. नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. वकिलांची पत्रे तेवढी जात-येत होती.

फोन आला तो वहिनींचा. "भावजी, यांची तारीख ठरली. तुम्हाला कळवू का, हे मी यांना विचारलेले नाही." एवढेच बोलल्या. मुले दोन्ही परदेशात, त्यांना यायला वेळ लागणार. मी कवळ्याला जाऊन शांतादुर्गेपुढे गाऱ्हाणे घातले, अंगारा पुडीत बांधून घेतला आणि वास्कोला गोवा एक्सप्रेस पकडली. लोंढा, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी असे करीत ही गाडी दुसऱ्या दिवशी रात्री भोपाळला पोचते. वाटेत भुसावळच्या पुढे थंडी डब्यात शिरली. आम्हा कोकणातल्या माणसांना थंडी म्हणजे काय ते ठाऊक नसते. माझ्याकडे एक हाफ स्वेटर होता.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दादाच्या खोलीत गेलो. छातीवरचे केस काढलेले, हातात सुई. माझ्याकडे बघून म्हणाला, "आलास? गाडी वेळेवर होती?"

"अर्धा तास उशिरा."

नऊ वर्षांनंतरचे आमचे बोलणे ते एवढेच. पण ते झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेले. साडेपाच तास. या शस्त्रक्रियेत छातीचे हाड मधोमध कापतात, पायातली शीर काढून ती हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा घालून जोडतात, आणि हे शिवणकाम चालू असताना हृदय थांबवून रक्त एका यंत्रातून फिरवतात. (हल्ली पुष्कळदा धडधडत्या हृदयावरही करतात. दादाचे मात्र यंत्रावर झाले.) वेळ जाण्यासाठी मी बरोबर आणलेले एक पुस्तक उघडले, पण ओळी पुढे सरकेनात. त्या यंत्राची जन्मकथा मी नंतर गोव्यात परतल्यावर वाचली. ती त्या बाकावर वाचायला मिळाली असती तर बरे झाले असते.

१९३० च्या ऑक्टोबरातली गोष्ट. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत रक्ताची गाठ अडकली. त्या काळी गाठ काढायचा प्रयत्न म्हणजे जवळजवळ मरणच, म्हणून अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचे ठरले. तो क्षण ओळखण्यासाठी जॉन गिबन नावाच्या तरुण डॉक्टरला रात्रभर तिच्याजवळ बसवण्यात आले. दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब लिहायचा, बाकी काही नाही. सकाळी तिला शस्त्रक्रियेसाठी नेले, गाठ काढली, पण बाई वाचली नाही. रात्रभर तिच्याजवळ बसून गिबनच्या मनात एकच विचार घोळत राहिला. तिचे काळवंडत चाललेले रक्त बाहेर घेऊन, त्यात प्राणवायू मिसळून परत आत सोडता आले असते तर? त्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मेरीशी त्याने पुढे लग्न केले आणि दोघे या यंत्राच्या मागे लागले. प्रयोगासाठी बॉस्टनच्या गल्ल्यांतली भटकी मांजरेसुद्धा तो रात्री पकडून आणी. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या एका मुलीचे रक्त सव्वीस मिनिटे त्या यंत्रातून फिरले, तिच्या हृदयाचे भोक शिवले गेले आणि ती बरी होऊन घरी गेली. पुढचे रोगी दगावले तेव्हा गिबनने स्वतःच ती शस्त्रक्रिया बंद केली. यंत्र इतरांनी पुढे नेले. १९६७ मध्ये क्लीव्हलँडला रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या डॉक्टरने पायाची शीर वापरून बायपास केली, आणि १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे इस्पितळात डॉ. के. एम. चेरियन यांनी ती भारतात आणली. इतकी वर्षे, इतके डॉक्टर. पण सगळ्याच्या मुळाशी आहे ती एका आजारी बाईच्या खाटेशेजारी, काहीच करता येत नाही अशा अवस्थेत काढलेली एक रात्र.

दादाला आयसीयूत हलवल्यावर आम्हाला काचेतून दाखवले. तोंडात नळी, छातीतून दोन नळ्या, हात बांधलेले. वहिनी खाली बसल्या त्या उठेनात. त्यांना घरी पाठवून मी रात्रीचा पास घेतला.

मध्य प्रदेशातल्या इस्पितळांत रोग्याबरोबर राहणाऱ्याला 'अटेंडर' म्हणतात. त्याला नाव नसते. "बेड नंबर चार के अटेंडर!" असा पुकारा झाला की आपण उठायचे आणि चिठ्ठी घ्यायची. औषधे आणायची, रक्तपेढीत जायचे, बिल भरायचे. रक्ताला माणसे हवी होती तेव्हा वहिनींनी भेलच्या वसाहतीत एक फोन केला आणि सहाजण येऊन उभे राहिले. त्यांतले दोघे मराठी, एक मल्याळी, बाकी तिथलेच. दादाचे गोवा तिथे होते, हे मला तेव्हा दिसले.

शेजारच्या बाकावर शाळेतून निवृत्त झालेले एक उर्दूचे शिक्षक होते. त्यांच्या पत्नीची झडप बदललेली. पुकारा झाला की ते सावकाश उठत, शेरवानीसारखा लांब कोट सारखा करीत आणि परत येऊन म्हणत, "अटेंडर तो ये लोग कहते हैं, जनाब. हम तो तीमारदार हैं." तीमार म्हणजे फारसीत आजाऱ्याची काळजी, शुश्रूषा. ती वाहणारा तो तीमारदार. आपल्या मराठीत फारसीतून जमीनदार आला, फौजदार आला, हवालदार आला. हा एक गृहस्थ मात्र वाटेतच राहिला. त्याच्यासाठी आपल्याकडे सुटसुटीत शब्द नाही. 'सोबतीला कोण आहे?' असे आपण विचारतो, आणि तो सोबतीचा माणूस तसाच बिनहुद्द्याचा राहतो.

मास्टरसाहेबांनी गोव्याबद्दल विचारले तेव्हा मी त्यांना जुन्या गोव्याच्या राजाच्या इस्पितळाची गोष्ट सांगितली. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ मध्ये कैदी म्हणून गोव्यात आणला गेला तो आजारीच होता. त्याला या इस्पितळात ठेवले. जगात याहून चांगले इस्पितळ नसेल असे त्याने लिहून ठेवले आहे. स्वच्छ खाटा, चिनी मातीच्या भांड्यांतले जेवण, आणि भेटीला आलेला मित्र रोग्याबरोबर जेवूही शके. अर्थात हा थाट पोर्तुगीज आणि युरोपियनांसाठी. गोव्याच्या माणसाला तिथे खाट नव्हती. त्याची खाट घरातच, आणि पेज भरवायला घरातलीच बाई. १८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय शाळा निघाली, तरी घरातल्या त्या बाईचे काम काही कमी झाले नाही. तिची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार?

मास्टरसाहेब म्हणाले, आमच्याकडे सापडते. आणि त्यांनी मला बेगमांची गोष्ट सांगितली. पुढे घरी आल्यावर मी ती पुस्तकांतून पडताळून पाहिली. त्यांतले एक सुलतान जहाँ बेगमेचे आत्मचरित्र, दुसरे तिचे पणतू शहरयार खान यांचे 'द बेगम्स ऑफ भोपाळ'. हे शहरयार खान म्हणजे पाकिस्तान क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष झाले तेच. जन्म भोपाळचा.

१८१९ ते १९२६ या काळात, मधली थोडी वर्षे सोडता, भोपाळवर लागोपाठ चार स्त्रियांनी राज्य केले. कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ. आईमागून लेक. ऐकायला फार छान वाटते. पण शेवटच्या दोघींचे, शाहजहाँ आणि सुलतान जहाँचे, एकमेकींशी पटले नाही. शाहजहाँ बेगमेने १८७१ मध्ये सिद्दिक हसन खानांशी दुसरे लग्न केले आणि तिथून ठिणगी पडली. ती पुढे इतकी पेटली की एकाच शहरात राहून आई-लेकी वर्षानुवर्षे एकमेकींचे तोंड बघत नव्हत्या. सिद्दिक हसन १८९० मध्ये वारले, तरी दुरावा राहिलाच. भांडणाचे कारण मरते, भांडण नाही. मला हे कोणी सांगायला नको होते.

शाहजहाँ बेगमेला तोंडाचा कर्करोग झाला. १९०१ च्या जूनमध्ये ती गेली. समेट झाला नाही. आईच्या उशाशी बसणे लेकीच्या वाट्याला आले नाही. सुलतान जहाँने तोपर्यंत आपल्या दोन्ही मुलीही गमावल्या होत्या.

आणि गादीवर आल्यावर या बाईने काय केले? नर्सिंगची शाळा काढली. सुइणींना शिक्षण द्यायला लावले. पडद्यातल्या बायकांसाठी क्लब काढून तिथे आरोग्यावर व्याख्याने ठेवली. आणि स्वतः लेखणी घेऊन घर कसे ठेवावे, मुलांना कसे वाढवावे, घरातल्या आजाऱ्याची तीमारदारी कशी करावी यावर सोप्या उर्दूत लिहिले. राज्यकर्त्यांनी इस्पितळांचे पाया घातल्याची उदाहरणे ढीगभर आहेत. कोनशिला बसवली की नाव राहते. पण आजाऱ्याजवळ कसे बसावे यावर एखाद्या राज्यकर्तीने लिहावे हे मी दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही. त्याचा संबंध आईच्या त्या न मिळालेल्या उशाशी जोडणे हा माझा तर्क. इतिहासकार तो मान्य करणार नाहीत, आणि त्यांचे चूक आहे असेही मी म्हणणार नाही. १९२४ या एकाच वर्षात तिचे दोन मोठे मुलगे आजाराने गेले. दोन वर्षांनी तिने धाकट्या हमीदुल्लाला गादी दिली. भोपाळचे मोठे सरकारी इस्पितळ 'हमिदिया' म्हणून ओळखले जाते ते याच नबाबाच्या नावाने.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पुकारा झाला. नर्स केरळची होती. म्हणाली, "आपके पेशंट कुछ बोल रहे हैं, हिंदी नहीं है." मला गाऊन आणि टोपी घालून आत नेले. दादाची नळी काढलेली होती, डोळे उघडे, पण तो भोपाळात नव्हता. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, दिवस-रात्र न कळणाऱ्या त्या दिव्यांखाली, काही रोग्यांचे भान असे एक-दोन दिवस सुटते. डॉक्टरांनी हे आधी सांगितले होते. तरी समोर पाहिल्यावर पोटात गोळा आला.

"राजांगणांत उदक भरलां," तो म्हणत होता. "दार धांप रे. दार धांप."

राजांगण आमच्या घराचे. मधोमध तुळस, वर उघडे आकाश, आणि आषाढात पन्हळीतून कोसळणारे पाणी. ज्याच्या वाटणीसाठी आम्ही नऊ वर्षे कोर्टात होतो तेच.

मी त्याचा हात धरला. "धांपलें रे दादा. न्हिद आतां."

तो झोपला. नर्सने विचारले, काय म्हणत होते? मी सांगितले, घराचे दार लावायला सांगत होते. तिने मान हलवली. असे ती रोज ऐकत असावी.

सकाळी वहिनी आल्या. त्यांना हे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी मला जे सांगितले ते आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला तेव्हा भेलची वसाहत वाचली. ती शहराच्या पूर्वेला, वायूच्या वाटेबाहेर. शहराच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वॉर्ड पुढे वायुबाधित ठरले, त्यांत ती नव्हती. सकाळी दादा आणि त्याचे सहकारी घोंगड्या आणि दूध घेऊन हमिदियात गेले. संध्याकाळपर्यंत बाकीचे परतले, दादा परतला नाही. हजारो माणसे व्हरांड्यात, जिन्यावर, अंगणात पडली होती. नेमका कोणता वायू आणि त्यावर उतारा काय हे डॉक्टरांनाच कोणी नीट सांगत नव्हते. दादाला एक म्हातारा भेटला. डोळ्यांवर ओला कापूस, छाती भात्यासारखी. त्याच्याबरोबर कोणी नव्हते. घरचे कोणी उरले होते की नाही हेही कळायला मार्ग नव्हता. दादा त्याच्याजवळ बसला. तीन रात्री बसला. वहिनी घरी दोन लहान मुलांना घेऊन रडत होत्या. चौथ्या सकाळी दादा चहा आणायला खाली गेला आणि परत आला तर त्या जागेवर दुसरा माणूस होता.

"घरी आले, आंघोळ केली, आणि ड्यूटीवर गेले," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा कधी विषय नाही काढला. मीही नाही."

त्या दुर्घटनेचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे, पण एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. फरार कंपनीचे भारतातले शेअर भोपाळच्या कोर्टाने १९९२ मध्ये जप्त केले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ते विकले गेले. विकत घेणारी कलकत्त्याची चहावाली कंपनी, आणि विकले गेले ते आपल्या घराघरातल्या एव्हरेडी बॅटऱ्यांचे कारखाने. त्या पैशातून भोपाळ मेमोरियल इस्पितळ उभे राहिले आणि २००० मध्ये सुरू झाले. तिथे हृदयाचा विभागही आहे. म्हणजे ज्या विजेरीच्या उजेडात आम्ही दोघे लहानपणी जत्रेहून रात्री घरी यायचो, तिच्या नफ्याचा काही भाग शेवटी वायुपीडितांच्या फुप्फुसांकडे आणि हृदयांकडे वळला. मोबदला म्हणून तो पुरेसा होता असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. आमच्या बाकावर त्या रात्री बसलेल्यांपैकी तिघांकडे तरी वायुपीडितांची कार्डे होती. बावीस वर्षांनंतरही ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली.

पाचव्या दिवशी दादा खोलीत आला. आता माझे खरे काम सुरू झाले. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायला लावायची, म्हणजे तारेने बांधलेले हाड हलत नाही. तीन गोळ्यांचे प्लॅस्टिकचे यंत्र तोंडाला लावून श्वास ओढायचा, गोळ्या वर जायला हव्यात. पहिले दोन दिवस एकच गोळी हलली. दादाने यंत्र भिंतीकडे फिरवून ठेवले. बिनमीठाच्या जेवणावरून वहिनींवर ओरडला, मग टीव्हीवर कसली तरी जाहिरात बघून रडला. हेही होते, असे डॉक्टर म्हणाले. मन सुधारायला छातीपेक्षा जास्त वेळ लागतो. वहिनींनी उकड्या तांदळाची पेज करून आणली. ते तांदूळ मी गोव्याहून नेले होते. ती मात्र त्याने न बोलता संपवली.

मग व्हरांड्यात चालणे. पहिल्या दिवशी वीस पावले, दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत. त्याचा एक हात माझ्या खांद्यावर. मास्टरसाहेब बाकावरून बघत आणि बोटे मोजत. त्यांच्या पत्नीला घरी सोडले त्या दिवशी ते आमच्या खोलीत आले, दादाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "अब आप भी भोपाली हो गए." घराच्या दाव्याचा विषय त्या सतरा दिवसांत निघाला नाही. अंगाऱ्याची पुडी दादाने स्वतःच मागून घेतली आणि उशीखाली ठेवली.

दादा त्यानंतर बारा वर्षे जगला. इन्व्हेंटरी आणखी चार वर्षे चालली. त्याला हवे होते तेवढे त्याला मिळाले नाही आणि मलाही नाही. तारीख असली की तो दोन दिवस आधी येऊन घरी उतरायचा, आणि सकाळी पेज खाऊन आम्ही दोघे एकाच गाडीने फोंड्याच्या कोर्टात जायचो. त्याचा वकील एकदा मला म्हणाला, अहो, असे बरोबर येत जाऊ नका, न्यायाधीशांना बरे दिसत नाही. दादाने त्याला सांगितले की याला गाडी चालवता येते आणि मला वजन उचलायला बंदी आहे. तेव्हा ऑपरेशनला तीन वर्षे होऊन गेली होती.